एक्सप्लेनर : ग्रीक मूर्तीची ‘फुलराणी’ कशी झाली?

पिग्मॅलियन हा शिल्पकार स्वतः घडवलेल्या हस्तिदंती मूर्तीच्या प्रेमात पडतो आणि देवी तिला जिवंत करते. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या या ग्रीक कथेत मूर्तीला ना नाव, ना संवाद. १९१३ मध्ये रंगभूमीवर आलेल्या शॉच्या नाटकात शिल्पकाराचा भाषातज्ज्ञ झाला, मूर्तीची फुलवाली. आणि ती बोलू लागली. पुढे ‘माय फेअर लेडी’ आली. १९७५ मध्ये पुलंनी ‘ती फुलराणी’ लिहून तिची मंजुळा केली. भक्ती बर्वेंनी गाजवलेलं, मास्तरांवर चिडलेल्या मंजुळेचं स्वगत एकपात्री स्पर्धांत आजही हमखास ऐकू येतं. नागपूरकरांना तिचा राग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘करून राह्यलो’ म्हटलं की पुण्या-मुंबईत आजही हसतात!