समुद्रावरचे पाच दिवस

यंदाच्या हिवाळ्यात आम्ही दोघे पाच दिवस समुद्रावर राहून आलो. ऐकून चाळीतल्या काहींनी कौतुक केले. काहींनी तोंडावरच विचारले, "एवढ्या पैशात विहाराला लाद्या बसल्या असत्या. म्हातारपणी ही चैन कशाला?" प्रश्न गैर नाही. निघण्याआधी आम्हीही तो एकमेकांना विचारला होता. म्हणून हे चार शब्द.

आमच्यातला एक परळच्या गिरणीत साच्यावर होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात काम गेले ते गेलेच. पुढे वॉचमनकी केली. दुसरी महापालिकेच्या दवाखान्यात ३१ वर्षे आया होती. घर तिच्या पगारावर उभे राहिले. मुलगी शिकली, नोकरीला लागली आणि तिनेच मुंबई ते लक्षद्वीप अशी जहाजाची तिकिटे आमच्या हातात ठेवली.

बॅलार्ड पिअरवरून संध्याकाळी जहाज सुटले. अंधार पडला तसे डाव्या हाताला किनाऱ्याचे दिवे दिसू लागले. लोक फोटो काढत होते. आम्हाला आठवली 'पद्मावती' बोट. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब दोनशेहून अधिक सत्याग्रहींसह त्या बोटीने याच किनाऱ्याने निघाले. दुसऱ्या दिवशी दासगावला उतरून सगळे पाच मैल चालत महाडला गेले आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. त्या माणसांना बोटीवर झोप लागली असेल का? आमच्यासाठी गादी अंथरलेली होती, तरी आम्हाला बराच वेळ झोप आली नाही.

दुसरा दिवस सगळा पाण्याचा. कुठेच जमीन नाही. सकाळी उठल्याबरोबर चादरींच्या घड्या घातल्या, पाण्याचा ग्लाससुद्धा धुऊन ठेवला. खोली आवरायला आलेला मंगळूरकडचा मुलगा हसून हिंदीत म्हणाला, "आई, हे माझे काम. तुम्ही वर जाऊन बसा." जिने ३१ वर्षे दुसऱ्यांच्या खाटा आवरल्या, तिची खाट आज कोणीतरी आवरत होते. ती वर गेली खरी, पण तासभर तिला बसताच येईना. सारखी उठायची. रिकामे बसणे हेसुद्धा शिकावे लागते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. त्या मुलाला आम्ही रोज "जेवलास का रे?" असे विचारायचो. त्याचे घरही याच कामावर चालते.

दुपारी डेकवर बसून जुन्या गोष्टी निघाल्या. एके काळी धर्मशास्त्राने समुद्र ओलांडणे पाप ठरवले होते. परदेशी जाऊन आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर बंदी होती, त्या समाजातला तरुण १९१३ मध्ये समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला शिकायला गेला. १९१७ मध्ये परतताना त्यांची पुस्तके ज्या जहाजात होती, ते जहाज महायुद्धात पाणतीराने बुडाले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके गेली, पण विद्या बुडाली नाही. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांतून त्यांनी पुढे केवढे काम उभे केले!

तिसऱ्या दिवशी बेट आले. जहाज खोल पाण्यात उभे राहिले आणि लहान होड्यांनी आम्हाला किनाऱ्यावर नेले. पाणी इतके नितळ की तळाचे प्रवाळ दिसत होते. होडीत पाय टाकताना हिला आपली आई आठवली. दापोलीकडची माणसे हर्णैला अशीच पडावातून कोकणबोटीपर्यंत जायची. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल आणि जीव मुठीत. ती आई मुंबईला आली ती पोटासाठी. बोटीवर ती समुद्र बघत बसली नसेल. मूल सांभाळत बसली असेल.

चौथा दिवस पुन्हा पाण्यावर. आता मात्र आम्ही दोघे न बोलता, न उठता सूर्य मावळेपर्यंत बसलो. लग्नाला ४५ वर्षे झाली. दहा बाय दहाच्या खोलीत असे शेजारी शेजारी निवांत कधी बसलोच नव्हतो.

चैनीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ मध्ये कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजेचा कायदा झाला. १९४६ मध्ये आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामगार हा राबणारे जनावर नाही, त्याला विसावा हवा, हे कायद्यात लिहिले गेले. मग तो विसावा घेताना आपण चोरासारखे का वागायचे?

विहाराच्या लाद्यांसाठी आम्ही पेन्शनमधून वर्गणी दिली आहे, पुढेही देऊ. दान करावेच. पण बंधूभगिनींनो, घरात राबून थकलेली आई असेल, हात थरथरणारा बाप असेल, तर त्यांनाही एकदा कुठेतरी न्या. जहाजच हवे असे नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँचसुद्धा पुरे. मात्र त्या दिवशी आईला डबा करायला लावू नका.

जयभीम!