आकाशगंगेचा पत्ता

शहराच्या दिव्यांपासून दूर, अमावास्येच्या रात्री आकाशात जो पांढुरका पट्टा दिसतो, ती आपली आकाशगंगा. आपण तिच्या आतच राहतो, म्हणून ती अशी कडेने दिसते. प्रत्यक्षात ती सुमारे 1 लाख प्रकाशवर्षे रुंदीची चपटी तबकडी आहे. सूर्य तिच्या केंद्रापासून अंदाजे 26 हजार प्रकाशवर्षांवर असून एका प्रदक्षिणेला त्याला 20 कोटींहून अधिक वर्षे लागतात.

आकाशगंगा म्हणजेच सारे विश्व, असे शंभर वर्षांपूर्वी अनेकांना वाटे. 1923 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना देवयानी तेजोमेघात एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा सापडला. त्यावरून अंतर काढताच देवयानी ही आकाशगंगेसारखीच स्वतंत्र दीर्घिका ठरली. आकाशगंगा आणि देवयानी या दोघी ‘स्थानिक समूह’ या दीर्घिकांच्या गटातल्या थोरल्या, बाकीच्या बहुतेक खुज्या. हा समूह ‘लानियाकिया’ या महासमूहाचा भाग आहे. असाच दुसरा महासमूह, ‘सरस्वती’, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने 2017 मध्ये उजेडात आला.

डिसेंबरच्या संध्याकाळी देवयानी डोक्यावर शोधा. अंधाऱ्या जागी ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. तो प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो.