मासे, मेथी आणि विरजण

मंडळी, अमेरिकेत आल्या आल्या आपल्यापैकी बहुतेकांनी एक काम केलेले असते. हातात वाटी घेऊन कोणाच्या तरी दारात उभे राहायचे आणि विरजण मागायचे! या लेखाचा विषय आहे ॲक्वापॉनिक्स, म्हणजे मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवणे. पण त्यातले खरे मर्म त्या विरजणाच्या वाटीतच आहे. हे मला समजायला तेरा मासे मरावे लागले. ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही ऑस्टिनला राहतो. २०२३ च्या मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार होते. बाबांचे सारे आयुष्य सांगलीकडे शेतीत गेले. मागच्या खेपेला दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी विचारले होते, "तुम्ही दोघे कामावर, पोर शाळेत, मी दिवसभर करायचे काय?" परसातली माती म्हणजे चार बोटांखाली दगड, म्हणून मातीविना भाजी हा पर्याय मला आवडला. शिवाय मी पडलो इंजिनिअर. पंप, पाइप आणि आकडे दिसले की आमच्यासारख्यांना मोह आवरत नाही.

कल्पना काय आहे?

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. तो माशांना विषारी असतो. निसर्गात एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही माशांना घातक, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते. नायट्रेट मात्र माशांना फारसे बाधत नाही आणि झाडांचे ते खतच. टाकीतले पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात चढवायचे, खडीवर हे जीवाणू वाढतात, झाडे नायट्रेट घेतात आणि निवळलेले पाणी पुन्हा टाकीत पडते. या देशात १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत मार्क मॅकमर्ट्री यांनी आणि सेंट क्रॉय बेटावर डॉ. जेम्स रॅकॉसी यांनी या पद्धतीचा पाया घातला.

मी २७५ गॅलनची, पूर्वी खाद्यपदार्थ भरलेली प्लॅस्टिकची जुनी टाकी आणली. (रसायनांची टाकी चुकूनही घेऊ नका.) वरचा भाग कापून उलटा केला की एक फूट खोल वाफा होतो आणि खाली सुमारे ७०० लिटरची मासेटाकी उरते. वाफ्यात साडेतीनशे लिटर खडी बसते. तिचे वजन अर्ध्या टनाहून जास्त भरते, म्हणून खालची जमीन आणि टेकू भक्कम हवेत. टाकीतले सगळे पाणी तासातून एकदा वाफ्यातून फिरेल एवढा पंप घ्यावा. टाकीवर ऊन पडले तर पाणी हिरवे होते, म्हणून ती बाहेरून झाकून घ्यावी. पाण्याजवळचा प्लग जीएफसीआय प्रकारचाच हवा.

घाई केली, आणि...

यंत्रणा शनिवारी उभी राहिली आणि रविवारी मी वीस गोल्डफिश आणून सोडले. सात वर्षांच्या मुलीने प्रत्येकाला नाव ठेवले. नवव्या दिवशी अमोनिया लिटरला ४ मिलिग्रॅम झाला आणि अकराव्या दिवसापर्यंत तेरा मासे गेले. "लाडू का मेला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणजे होते, पण ते "बाबाने घाई केली" असे होते.

कोऱ्या खडीवर जीवाणू नसतात, म्हणजे दुधात विरजणच नव्हते! त्यातून पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.२ होता. तेवढाच अमोनिया सामू ७ ला असतो त्यापेक्षा सामू ८ ला सुमारे दहापट विषारी असतो. उरलेले सात मासे एका टबात हलवले, रोज थोडे पाणी बदलत ते जगवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

योग्य क्रम असा:

१. नळाच्या पाण्यातली क्लोरीन आधी घालवा. साधी क्लोरीन दोन दिवस पाणी उघडे ठेवल्यास उडून जाते. पण आमच्याकडे क्लोरामाइन वापरतात, ते असे जात नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात औषध मिळते.

२. मासे न सोडता, साबण किंवा सुगंध नसलेला अमोनिया थोडा थोडा घालून प्रमाण लिटरला २ ते ३ मिलिग्रॅम ठेवा.

३. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू रोज तपासून वहीत लिहा. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतो, मग नायट्राइट उतरतो आणि नायट्रेट चढतो.

४. घातलेला अमोनिया आणि त्यातून झालेला नायट्राइट, दोन्ही २४ तासांत शून्यावर आले की विरजण लागले! मग थोडे मासे सोडा.

उबदार हवेत याला चार ते सहा आठवडे लागतात. मला ३८ दिवस लागले. थंडीत दही लागायला वेळ लागतो, तसेच हेही.

मेथी पिवळी का पडली?

जूनमध्ये मासे खुशीत होते, पण मेथी आणि पालकाची नवी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी तीन रात्री कोष्टके मांडत बसलो. सामू आठच्या खाली यायला तयार नव्हता. बाबा शांतपणे वाफ्यातला एक खडा घेऊन आले आणि आईला म्हणाले, "जरा लिंबू दे." लिंबू पिळताच खडा फसफसला. "अरे, ही तर चुनखडी. चुनखडीच्या रानात पीक असेच पिवळे पडते."

टेक्सासच्या या भागात स्वस्त खडी बहुधा चुनखडीचीच असते. जीवाणू काम करताना पाण्यात आम्ल तयार होते आणि त्याने सामू हळूहळू उतरायला हवा. इथे खडी ते आम्ल गिळून टाकत होती. सामू चढा असला की पाण्यात लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. हा शोध मला साठ डॉलरला पडला, बाबांना एका लिंबाला!

आम्ही ग्रॅनाइटची खडी आणली. पण सगळी खडी बदलली तर जीवाणूही जाणार, म्हणून जुन्या खडीची जाळीदार पोती महिनाभर नव्या खडीत पुरून ठेवली. पुन्हा विरजणच! नळाच्या जड पाण्यात पावसाचे पाणी मिसळू लागलो. सप्टेंबरअखेर सामू ७ वर आला.

घडी बसवताना

सामू हा तिघांतला समझोता आहे. जीवाणूंना थोडा चढा आवडतो, झाडांना थोडा उतरता, मासे मधले चालवून घेतात. ६.५ ते ७ राखावा. त्याखाली जाऊ लागला तर विरलेला चुना आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून, चिमटीने घालावे. त्यातून झाडांना कॅल्शियम आणि पोटॅशियमही मिळते, कारण माशांच्या खाद्यात ती दोन्ही झाडांना पुरतील इतकी नसतात. लोहही कमीच असते. त्यासाठी चिलेटेड लोह लिटरला २ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. ८०० लिटर पाण्याला १० टक्के लोहाची पूड १६ ग्रॅम लागते.

माशांची संख्या मोजण्यापेक्षा खाद्य मोजा. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य हे प्रमाण मानले जाते. नव्या वाफ्यात त्याच्या पाव हिश्शाने सुरुवात करा आणि पाच मिनिटांत संपेल एवढेच घाला. आमच्याकडे पाहुणे आले की आग्रह होतो, तो माशांना करू नये!

आणि एका वेळी एकच बदल करा. प्रोग्राममधली चूक शोधताना हेच करतो ना? बदल केला की आठवडाभर थांबा आणि वही बघा.

पंप बंद पडला तर उन्हाळ्यात मासे काही तासांत गुदमरतात, म्हणून बॅटरीवरचा हवापंप ठेवाच. कीटकनाशक वर्ज्य, शेणखतही वर्ज्य, कारण त्यातले रोगजंतू त्याच पाण्यात फिरत राहतात. माशांचे पाणी पानांवर उडू देऊ नका आणि भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. मासे किंवा अळूचे कंद जवळच्या ओढ्यात टाकू नका. अळू इथल्या नदीकाठी माजतो. खाण्याचे मासे ठेवायचे असतील तर आधी आपल्या राज्याचे नियम पाहा. प्रत्येक राज्यात ते वेगळे आहेत.

हिशेब

हे आरोग्य आणि अर्थकारणाचे पान, तेव्हा खरे आकडे सांगतो. चुकीच्या खडीसकट माझा एकूण खर्च ५२० डॉलर झाला. ४० वॅटच्या पंपाला महिन्याला सुमारे २९ युनिट, म्हणजे चार-साडेचार डॉलर वीज लागते. खाद्य आणि किरकोळ धरून महिन्याचे दहा डॉलर. वर्षातले आठ महिने भाजी चांगली येते आणि तेव्हा महिन्याला २८ डॉलरची वाचते. म्हणजे वर्षाला शंभरेक डॉलर शिल्लक आणि भांडवल वसूल व्हायला पाच वर्षे! पैसे वाचवण्यासाठी हा उद्योग करू नका.

मग करायचा कशासाठी? त्या सहा महिन्यांत बाबा रोज सकाळी साडेसहाला परसात असत. नातीला सामू मोजायला त्यांनी शिकवले आणि त्यांची वही तिने सांभाळली. परत जाताना विमानतळावर त्यांनी माझ्या नोकरीबद्दल काही विचारले नाही. म्हणाले, "थंडी पडली की खाद्य कमी कर." आता दर रविवारी फोनवर आधी सामू विचारतात, मग आमची तब्येत.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला येताना एक रिकामी बरणी आणा. आमच्या वाफ्यातली ओली खडी भरून देईन. घरी नेऊन त्याच दिवशी चालू वाफ्यात टाका, वाळू देऊ नका. विरजण द्यायला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही.