पठारावरचे एक पाऊल

सहल म्हटली की डबा, चेंडू आणि गाण्यांच्या भेंड्या यांची तयारी आधी होते. या वेळी पिशवीत एक भिंग आणि छोटी वहीही टाका. आपण साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कास पठारावर जाणार आहोत.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीचे हे पठार एप्रिलमध्ये पाहिलेत, तर उघडा कातळ आणि वाळके गवत पाहून तुम्ही म्हणाल, "एवढ्यासाठी का आलो?" पण ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत याच कातळावर जांभळे, पिवळे, पांढरे गालिचे पसरतात. येथे सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती नोंदलेल्या आहेत. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासही आहे.

कातळावर एवढी फुले कशी? पठाराखाली ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला बेसाल्ट आहे. लक्षावधी वर्षांच्या पावसाने त्यातील सिलिका धुऊन नेली. लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. हाच आपला तांबडा जांभा. त्यावरची माती कित्येक ठिकाणी जेमतेम बोटभर. मोठ्या झाडाला येथे मूळ रोवता येत नाही. म्हणून भरपूर ऊन मिळते ते लहान वनस्पतींना.

मात्र या मातीत नायट्रोजन फार कमी. काही वनस्पती ही उणीव चक्क शिकार करून भरून काढतात! दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब चमकतात. त्यांवर बसलेला कीटक अडकतो आणि हळूहळू पचवला जातो. 'सीतेची आसवे' हे नाजूक जांभळे फूल त्याहून वस्ताद. त्याच्या चिमुकल्या पिशव्या ओल्या मातीत दडलेल्या असतात. पिशवीच्या दाराशी एखाद्या सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला, की दार उघडते आणि क्षणार्धात तो पाण्यासह आत खेचला जातो. पिशव्या पाहण्यासाठी रोप उपटू नका हं! फूल भिंगातून पाहा.

आता मुख्य प्रश्न. फोटोसाठी तुम्ही पायवाट सोडून गालिच्यात एकच पाऊल टाकलेत, तर काय बिघडते? येथील पुष्कळ रोपे एका पावसाळ्यापुरतीच जगतात. बी धरण्यापूर्वी रोप चिरडले, तर पुढच्या वर्षीचे बीही गेले. शिवाय पायाखाली माती दबते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरेनासे होते. एकाचे पाऊल पाहून दुसरा तेथूनच चालतो आणि नवी वाट पडते. बोटभर माती वाहून गेली, तर खाली उरतो कातळ. ती माती पुन्हा साचायला तुमचे-आमचे आयुष्य पुरणार नाही. म्हणूनच फुलांच्या हंगामात येथे आधी नोंदणी करावी लागते आणि रोज किती लोकांना सोडायचे यालाही मर्यादा असते.

म्हणजे मजा करायचीच नाही का? छे! पायवाटेच्या कडेला उकिडवे बसा. पाच मिनिटे एकाच फुलाकडे पाहा. कोणता कीटक आला, किती वेळ थांबला, पुढे कोठे गेला, हे वहीत लिहा. धावत पाहिलेल्या शंभर फुलांपेक्षा हे एक फूल अधिक काळ लक्षात राहील.

आणि कासला जाणे जमत नसेल तर? शाळेजवळच्या माळावर किंवा बागेत सुतळीने एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा. त्यातील वनस्पतींच्या जाती मोजा. तसाच दुसरा चौकोन रोजच्या पायवाटेवर आखून तेथेही मोजा. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. एका पावलाची किंमत किती, हे मग तुम्हीच आम्हांला सांगाल.