किसान कार्डाची तारीख बंदीच्या महिन्यात नको



बंदी लागली की बोटी किनाऱ्याला, जाळी दुरुस्तीला आणि खिसा रिकामा. त्यात बँकेची नोटीस आली तर काय होतं ते गेल्या वर्षी आपल्या एका सभासदाने भोगलं. किसान क्रेडिट कार्डावर २ लाख घेतलेले, परतफेडीची तारीख जुलैतली. त्याने पैसे भरले ऑगस्ट संपता संपता, पहिल्या फेऱ्यांची मासळी विकून.

या कर्जाचं व्याज ७ टक्के. वेळेवर फेडलं तर ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्केच पडतात. २ लाखांवर वर्षाला १४ हजारांऐवजी ८ हजार. तारीख चुकली की ते ६ हजार गेले, शिवाय पुढच्या दिवसांना बँकेचा नेहमीचा दर. माणूस बुडवणारा नव्हता हो, समुद्रच बंद होता!

हे कार्ड फक्त शेतकऱ्यांचं असं अजून बरेच जण धरून चालतात. २०१८-१९ पासून ते मच्छीमारांनाही आहे. नोंदणी झालेली बोट हवी, स्वतःची किंवा भाड्याची, आणि मासेमारीचा परवाना. पैसे मिळतात ते डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी, जेटीचा खर्च यासाठी. नवी बोट यातून घ्यायची नाही.

महत्त्वाचं म्हणजे, धंद्यात पैसा जसा येतो त्याप्रमाणे परतफेड ठरवावी, असं रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या सूचनेतच आहे. आपली बंदी १ जून ते ३१ जुलै. या दोन महिन्यांत पैसा येत नाही, उलट खलाशांना उचल द्यावी लागते. म्हणून तारीख हंगामातली, मासळी चांगली मिळते त्या महिन्यातली मागा. तोंडी नको, अर्ज देऊन पोच घ्या.

दुसरी गोष्ट दागिन्यांची. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही. आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. तरी एका शाखेत आपल्या एका बाईंना सोनं आणायला सांगितलं. स्वखुशीने ठेवलेलं सोनं बँकेला चालतं, तेव्हा फॉर्मवर ‘स्वखुशीने’ असं छापलेलं असेल तर सही करायच्या आधी वाचा.

एजंटाची उचल घेणाऱ्यांना आम्ही नावं ठेवत नाही. तो रात्री दहाला पैसे देतो, बँक आठवडे लावते. पण मग मासळीचा दर तोच ठरवतो, आणि त्याचा हिशोब कुठल्याच पासबुकात दिसत नाही.

बोटीचं रजिस्ट्रेशन, परवाना, आधार आणि पासबुक घेऊन सोसायटीत या. तारीख बदलायचा अर्ज आम्ही लिहून देऊ. ज्यांची तारीख जून-जुलैत पडते त्यांनी आधी या, बंदी लागायची वाट बघू नका.