मुलांचे टोकाचे वर्तन
काल ज्या बाईंवाचून करमत नव्हते, त्याच आज वैरी वाटाव्यात. मैत्रीण दूर बसताच आकांत व्हावा. रागाच्या भरात स्वतःस ओरबाडावे. असे वर्तन महिनोन्महिने दिसल्यास शिक्षकांनी ते दिनांकासह टिपून ठेवावे. त्यास ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’ म्हणणे मात्र मानसोपचारतज्ज्ञाचे काम. प्राथमिक वयात तेही सहसा तसे म्हणत नाहीत. पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांतून दिवाळीनंतर कित्येक आईबाप वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहिलेल्या मुलाची ‘मला टाकून जातील’ ही धास्ती विकार नव्हे, अनुभव होय. ओरखडे दिसल्यास वर्गात वाच्यता न करता त्याच दिवशी पालकांस भेटावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.