प्लीज, एक विचारू?

ऑफिसच्या कामासाठी परदेशात गेलात. शेवटच्या दिवशी क्लायंटला झकास ठिकाणी डिनरला न्यायचंय आणि टीममध्ये कुणी मुस्लिम सहकारी आहे. किंवा ते सहकारी तुम्ही स्वतःच आहात! अशा वेळी पॉश रेस्तराँ निवडायचं कसं? सिंगापूरच्या एका डिनरची ही गोष्ट, आणि त्यातून कळलेले काही साधे फंडे.

"नको गं, पोट भरलंय."

टीमच्या प्रत्येक पार्टीत माझ्या मैत्रिणीचं हे ठरलेलं वाक्य. ती चिपळूणची, मी डोंबिवलीची. लोअर परळच्या एका पीआर एजन्सीत आम्ही तीन वर्षं शेजारी शेजारी बसायचो. डबा एकत्र, लोकल एकत्र, बॉसच्या कागाळ्या एकत्र. पार्टी मात्र कुठेही असो, तिच्या प्लेटमध्ये फ्रेंच फ्राइज आणि ग्लासात फ्रेश लाइम सोडा. मी तिला डाएट कॉन्शस समजत होते. एकदा तर "जरा जग की!" असा फुकटचा सल्लाही दिला होता.

मग एका रात्री, अशाच एका महागड्या पार्टीनंतर, साडेअकरा वाजता ती टॅक्सी थांबवून सीख रोलच्या गाडीपाशी उतरली. एक नाही, दोन रोल खाल्ले. मी बघतच राहिले. तोंड पुसत ती म्हणाली, "अगं, भूक लागली होती. तिथलं चिकन कसलं होतं कुणास ठाऊक."

तीन वर्षं! आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. तिनंही कधी सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांच्या मूडमध्ये खोडा कोण घालणार?

मी नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करायला लागले. ती कंपनी बदलून प्रोजेक्ट लीड झाली. गेल्या वर्षी तिला दहा दिवसांसाठी सिंगापूरला जावं लागलं, आणि तिसऱ्याच दिवशी रीजनल हेडनं फर्मान काढलं: शेवटच्या संध्याकाळी क्लायंटसोबत आठ जणांचं डिनर. "समव्हेअर नाइस. जागा तूच ठरव." आता पोट भरलंय म्हणायची सोयच उरली नाही.

जेवढं महाग, तेवढं अवघड

तुम्हाला वाटेल, सिंगापूरमध्ये कसलं टेन्शन? २०२०च्या जनगणनेनुसार तिथले जवळजवळ १६ टक्के रहिवासी मुस्लिम आहेत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, हलाल आणि बिगर-हलाल ट्रे ठेवायचे रॅकसुद्धा वेगळे असतात. कम्पाँग ग्लाम भागात सुलतान मशिदीसमोरच १९०८ पासूनचं 'झमझम' आहे. तिथे मुर्तबाक मागवा, खा आणि निघा. प्रश्नच नाही.

प्रश्न सुरू होतो तो टेबलावर पांढरा नॅपकिन आला की! रेस्तराँ जितकं भारी, तितकं हलाल सर्टिफिकेट दुर्मीळ. याचं कारण तिथल्या नियमांत आहे. सिंगापूरमध्ये हलाल सर्टिफिकेट देते 'मुइस' ही संस्था, म्हणजे माजलिस उगामा इस्लाम सिंगापुरा. ती १९६८ मध्ये स्थापन झाली आणि १९७८ पासून हे सर्टिफिकेट देते. मांस कुठून येतं, भांडी कुठली, मुस्लिम कर्मचारी आहेत का, हे सगळं तपासलं जातं. शिवाय, सर्टिफाइड जागेत दारू विकायची नाही आणि प्यायचीही नाही. ज्या रेस्तराँची निम्मी शान वाइन लिस्टमध्ये आहे, ते हे सर्टिफिकेट कशाला घेईल?

आणखी एक गंमत म्हणजे, मोठ्या हॉटेलात सर्टिफिकेट सहसा अख्ख्या हॉटेलाला नसतं, त्यातल्या एखाद्या रेस्तराँला किंवा किचनला असतं. पहिल्या मजल्यावर आहे म्हणून तिसऱ्या मजल्यावरही असेल, असं धरून चालायचं नाही.

'नो पोर्क, नो लार्ड' म्हणजे काय?

शोधताना मैत्रिणीला ही पाटी जागोजागी दिसली. डुक्कर नाही, डुकराची चरबी नाही. वाचून हायसं वाटतं. पण ही पाटी म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. चिकन हलाल पद्धतीनं कापलेलं आहे का, सॉसमध्ये वाइन आहे का, याबद्दल ती चकार शब्द बोलत नाही.

खरं तर 'हलाल आहे का?' हा एक प्रश्न नाहीच, ते चार प्रश्न आहेत. एक, मांस हलाल पुरवठादाराकडून येतं का? दोन, किचनमध्ये डुकराचं मांस शिजतं का, आणि शिजत असेल तर कढई, तवा, तळणीचं तेल वेगळं असतं का? तीन, पदार्थात दारू किंवा प्राणिजन्य जिलेटिन पडतं का? आणि चार, त्याच टेबलावर इतरांनी वाइन घेतली तर चालेल का?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात फसवा. कँटनीज स्वयंपाकात शाओशिंग ही तांदळाची दारू आपल्याकडच्या फोडणीइतकी सहज पडते. जपानी पदार्थांना चकाकी देणारं मिरिन म्हणजे गोड तांदळाची दारूच. फ्रेंच सॉस वाइन आटवून करतात, तिरामिसूत अनेकदा मार्साला वाइन किंवा रम असते, पन्नाकोटा जिलेटिननं धरतो. म्हणजे 'मी आपलं व्हेज आणि डेझर्ट खाईन' हा हुकमी उपायही दरवेळी कामाचा नाही.

"शिजवताना अल्कोहोल उडून जातं हो!" असं वेटर हमखास सांगतो. पण अमेरिकेच्या कृषी विभागाचे तक्ते वेगळंच सांगतात. पदार्थात मिसळून १५ मिनिटं शिजवलं तर सुमारे ४० टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं, आणि अडीच तास शिजवल्यावरही ५ टक्के उरतं. पेटवून आणलेल्या फ्लाम्बेत तर सुमारे ७५ टक्के! टेबलाशेजारी ज्वाळा दिसतात, टाळ्या पडतात, पण दारू बरीचशी तिथेच असते.

तिनंही तीच चूक केली

मैत्रिणीनं तीन रेस्तराँना हे चार प्रश्न ईमेलवर पाठवले. पहिल्यानं उत्तरादाखल 'नो पोर्क, नो लार्ड'ची कॅसेट वाजवली. दुसऱ्यानं लिहिलं, 'आमचं किचन एकच आहे, आम्ही खात्री देऊ शकत नाही. माफ करा.' ती म्हणते, "मला हे उत्तर सगळ्यात आवडलं. खोटं बोलून जेवायला घालण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं." तिसरं होतं समुद्रकिनाऱ्यावरचं सीफूडचं ठिकाण, चिली क्रॅबसाठी लोकप्रिय. त्यांनी सविस्तर लिहिलं: खेकडा वेगळ्या कढईत करू, वाइन घालणार नाही, चिकन मात्र हलाल नाही.

तिच्यासाठी हे परफेक्ट होतं. मासळी म्हटलं की कोकणातल्या माणसाला दुसरं काय हवं? आणि तिला मांस खायचंच नव्हतं. क्लायंटना वाइन मिळणार, तिला खेकडा मिळणार. बुकिंग करायला तिनं फोन उचलला.

सोबत लखनौहून आलेला एक सहकारी होता, तोही मुस्लिम. तिनं त्याला खुशीत सांगितलं, "सॉल्व्ह झालं! खेकडा खाऊ." तो जरासा हसला. म्हणाला, "छान. मी रूमवर काहीतरी खाऊन येईन. तुम्ही एन्जॉय करा."

ते हसू तिला ओळखीचं वाटलं. हेच हसून ती तीन वर्षं फ्रेंच फ्राइज खात होती!

झालं असं होतं की, कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई परंपरेतले. अरबी व्यापाऱ्यांशी समुद्रमार्गे आलेल्या संबंधांतून ती कोकण किनाऱ्यावर रुजली. सिंगापूरचे मलय मुस्लिमही शाफईच. या परंपरेत समुद्रातलं जवळपास सगळं चालतं. उत्तर भारतात मात्र बहुतेक लोक हनफी परंपरेतले. तिथे मासे चालतात, खेकडा नाही आणि कोळंबीबद्दलही मतभेद आहेत. शिवाय दारू वाढली जाते त्या टेबलावर बसणं त्याला स्वतःला पटत नव्हतं. तिला त्याचं फारसं काही वाटत नाही. दोघं एकाच धर्माचे, एकाच कंपनीचे, एकाच हॉटेलच्या एकाच मजल्यावर राहिलेले. तरी दोघांची रेषा वेगवेगळ्या जागी.

"मी त्याला विचारलंच नाही गं," ती मला नंतर म्हणाली. "मला वाटलं, मला चालतं म्हणजे त्याला चालतं. तू माझ्याशी वागलीस, तशीच मी त्याच्याशी वागले."

मी गप्प बसले. बोलणार काय?

मग डिनरचं काय झालं?

तिनं बुकिंग केलं नाही. मुइसच्या यादीतून शहराच्या मध्यभागातलं एक सर्टिफाइड रेस्तराँ निवडलं. पांढरे नॅपकिन, मंद दिवे, सगळा थाट होता, फक्त बार नव्हता. मग धाडस करून तिनं रीजनल हेडला दोन ओळींचं ईमेल टाकलं: आमच्यापैकी दोघं हलाल खातात, म्हणून ही जागा निवडली आहे, इथे दारू मिळत नाही. ईमेल पाठवल्यावर पोटात गोळा आला होता, असं ती सांगते. क्लायंट नाराज झाला तर? 'पर्सनल गोष्टी कामात आणते' असा शेरा अप्रेझलमध्ये आला तर?

दहा मिनिटांनी उत्तर आलं: 'नो प्रॉब्लेम. ज्यांना ड्रिंक घ्यायचंय ते आधी हॉटेलच्या बारमध्ये भेटू.' बस्स, एवढंच!

वेळ ठरवताना तिनं आणखी एक शहाणपणा केला. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे बाराही महिने सूर्यास्त साधारण सातच्या आसपास होतो, म्हणजे मगरिबच्या नमाजाची वेळ तीच. तिनं टेबल साडेसातचं घेतलं. बारवाले बारमध्ये गेले, लखनौवाला नमाज पढून आला आणि साडेसातला आठही जण टेबलावर होते. त्या रात्री लखनौच्या त्या गप्प पोरानं म्हणे सगळ्यात जास्त जोक मारले.

शहर बदललं की फंडा बदलतो

* दुबई: मांस हलालच येतं. पण मोठ्या हॉटेलांतल्या बऱ्याच रेस्तराँत दारू मिळते आणि काही ठिकाणी डुकराचे पदार्थ मेन्यूत वेगळे दाखवलेले असतात. मेन्यू नीट वाचा.
* लंडन: सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था एकापेक्षा जास्त आहेत. हलाल फूड अथॉरिटी १९९४ची, हलाल मॉनिटरिंग कमिटी २००३ची. कापण्याआधी जनावराला बेशुद्ध करण्याबाबत त्यांचे नियम वेगळे आहेत. पाहुण्याला कुठलं चालतं ते विचारा.
* टोकियो: मिरिन आणि साके कुठल्या सॉसमध्ये असेल सांगता येत नाही. दोन-तीन दिवस आधी कळवलंत तर किचनला तयारी करता येते.
* मुंबई: इथे रेस्तराँसाठी सरकारी हलाल सर्टिफिकेट नाही, ते खासगी संस्था देतात. मेन्यूवरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी म्हणतो, सॉसमधल्या वाइनबद्दल काही सांगत नाही. सरळ फोन करा आणि मॅनेजरऐवजी शेफला विचारा.

आणि यजमान तुम्ही असाल तर?

'तुम्ही हलाल खाता का?' असं सगळ्यांसमोर विचारून पाहुण्याला कानकोंडं करू नका. आठ जणांना एकच मेसेज टाका: 'जेवणात कुणाला काय चालत नाही?' जैन मित्र सांगेल, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जीवाली सांगेल आणि मुस्लिम सहकारीही सांगेल. एकट्यावर स्पॉटलाइट नको.

मागच्या महिन्यात मैत्रिणीचा वाढदिवस झाला. या वेळी बांद्र्यातल्या एका रेस्तराँला मी स्वतः फोन लावला आणि चारही प्रश्न विचारले. शेफनं पाच मिनिटांनी उलटा फोन केला: चिकन-मटण हलाल आहे, पोर्क ठेवत नाही, चॉकलेट मूसमध्ये मात्र रम आहे, हवं तर बिनरमचं वेगळं करून ठेवतो.

ती आली, मेन्यू उघडला आणि सवयीनं फ्रेंच फ्राइजकडे बोट नेलं. मी म्हटलं, "काहीही मागव. विचारून ठेवलंय."

तिनं मेन्यू पहिल्या पानापासून वाचायला घेतला. चांगली वीस मिनिटं लावली बयेनं!